जुना मराठी चित्रपट पुन्हा पडद्यावर आणायचाय? आधी ट्रंक उघडा, मग डबे

माझ्या मामांनी १९७४ साली एक तमाशापट काढला. कृष्णधवल, दोघांच्या भागीदारीत आणि बरीचशी उधारी करून. सातारा-सांगली-कोल्हापुरात बरा चालला, मुंबईत आठवडाभर टिकला आणि मग लोक विसरून गेले. मामा जाऊन आता बारा वर्षं झाली. २०२४ च्या जूनमध्ये श्याम बेनेगलांचा जुना 'मंथन' स्वच्छ होऊन पुन्हा थिएटरांत लागला, त्याची बातमी मामींनी पेपरात वाचली आणि मला फोन केला. "अरे, त्यांचा लागतो, मग ह्यांचा का नाही लागत?"

ह्या एका प्रश्नापायी माझी पावणेदोन वर्षं गेली, आणि त्यातलं वर्षभर तरी कामं उलट्या क्रमाने केल्यामुळे गेलं. आधी मी डबे शोधले, स्कॅनचे दर काढले, हौसेने पोस्टरसुद्धा करून घेतलं. मग कळलं की चित्रपट दाखवायचा हक्क आपल्याकडे आहे असं सांगणारा एकही सरळ कागद घरात नाही. तुमच्या घरात असा एखादा चित्रपट असेल, किंवा तुम्ही फिल्म सोसायटीवाले असाल आणि एखादा जुना चित्रपट परत लावायची इच्छा असेल, तर खालच्या क्रमाने चला. मी वकील नाही. कुठेही सही करण्याआधी कॉपीराइटची कामं करणारा वकील गाठाच. पण त्याच्याकडे जाताना पिशवीत काय असावं ते मी सांगू शकतो.

१. आधी सालाचं गणित करा

भारतात चित्रपटावरचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं चालतो. मामांचा चित्रपट १९७४ चा, म्हणजे मुदत ३१ डिसेंबर २०३४ पर्यंत. १९६४ साली लागलेल्या चित्रपटाची मुदत ३१ डिसेंबर २०२४ ला संपली, १९६५ च्या चित्रपटाची २०२५ च्या अखेरीला.

पूर्वी ही मुदत ५० वर्षं होती. रवींद्रनाथ टागोर १९४१ साली गेले, त्यामुळे त्यांचं साहित्य १९९१ च्या अखेरीस मोकळं होणार होतं. तेव्हा सरकारने डिसेंबरच्या शेवटच्या दिवसांत वटहुकूम काढून दहा वर्षं वाढवली, आणि कवीच्या निमित्ताने चित्रपटवाल्यांचंही फावलं. ज्यांची ५० वर्षं त्याआधीच भरली होती ते चित्रपट मोकळेच राहिले. प्रभातचा १९३६ चा 'संत तुकाराम' त्यातलाच.

इथे नवखा माणूस हमखास फसतो. चित्रपट मोकळा झाला म्हणजे त्यातलं सगळंच मोकळं झालं, असं नाही. कथा, गीतं आणि संगीत ह्यांची मुदत वेगळी मोजतात: लिहिणाऱ्याच्या किंवा चाल देणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. ग. दि. माडगूळकर डिसेंबर १९७७ मध्ये गेले, म्हणून त्यांच्या शब्दांची मुदत २०३७ च्या अखेरीपर्यंत आहे. सुधीर फडके २००२ साली गेले, त्यांच्या चालींची २०६२ पर्यंत. म्हणजे दोघांची गाणी असलेला १९६० चा एखादा चित्रपट स्वतः मोकळा झालेला असेल आणि त्यातली गाणी नसतील. ही गाणी निर्मात्याकडे गेली होती का, तिथून रेकॉर्ड कंपनीकडे गेली का, हे प्रत्येक चित्रपटाचं वेगळं निघतं.

दुसरी गोष्ट, कॉपीराइट संपला म्हणून दुसऱ्याच्या गोदामातलं निगेटिव्ह तुमचं होत नाही. डबा ज्याच्या ताब्यात आहे तो 'देत नाही' म्हणाला, तर कायद्याचं पुस्तक दाखवून तो उघडत नाही.

२. मालकीची साखळी जोडा

कायद्याप्रमाणे चित्रपटाचा पहिला मालक निर्माता. दिग्दर्शक नाही, नायक नाही, पैसे लावणारा सावकारही नाही. तेव्हा प्रश्न एवढाच असतो: त्या निर्मात्यापासून आज तुमच्यापर्यंत मालकी कशी आली? मधली प्रत्येक कडी कागदावर दिसली पाहिजे. एक जरी तुटली असेल तरी मोठा वितरक पुढे बोलतच नाही, आणि त्याचं बरोबरच आहे.

शोध सेन्सॉर प्रमाणपत्रापासून सुरू करा. चित्रपटाच्या सुरुवातीला पडद्यावर जे दिसतं आणि जे यायच्या आत आपण पॉपकॉर्न घ्यायला पळतो, तेच. त्यावर अर्जदाराचं नाव, निर्मात्याचं नाव, लांबी, रिळांची संख्या आणि तारीख असते. मागच्या बाजूला काय काय कापलं त्याची नोंद असते. आमच्या ट्रंकेत तळाला, लग्नाच्या शालूखाली ते सापडलं: ३,४१५ मीटर, १३ रिळं. हे दोन आकडे वहीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा, पुढे दोनदा उपयोगी पडतात. आमच्या प्रमाणपत्रावर निर्माता म्हणून मामांचं नाव नव्हतं, संस्थेचं होतं. म्हणजे चित्रपट मामांचा नव्हता, भागीदारी संस्थेचा होता, आणि मामी एकट्या काहीच करू शकत नव्हत्या.

ट्रंक, माळा, बँकेचा लॉकर आणि जुन्या वकिलाचं कपाट अशा चार ठिकाणी हे शोधा:

– भागीदारीचा करार, आणि संस्था मोडली असेल तर मोडल्याचा कागद. चित्रपट कोणाच्या वाट्याला गेला हे त्यातच असतं.
– मृत्युपत्र किंवा वारसांचे कागद. वारस पाच असतील तर पाचही जणांची लेखी संमती. 'तो काही म्हणणार नाही' ही संमती नव्हे.
– लेखक, गीतकार, संगीतकार यांच्याशी झालेले करार. बहुतेक वेळा नुसती व्हाउचरं सापडतात. तीही टाकू नका, 'संपूर्ण मोबदला पोचला' एवढं वाक्यसुद्धा वकिलाला पुष्कळ असतं.
– चित्रपट महामंडळाकडची शीर्षकाची नोंद.
– लॅबची पत्रं. ही सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत महत्त्वाची. पैसे लावणारा माणूस लॅबला पत्र देऊन ठेवायचा की माझ्या परवानगीशिवाय प्रिंट काढू नका. ते देणं फिटलं का, फिटल्याचं पत्र आहे का, ते बघा.

मामांच्या भागीदाराची मुलगी नाशिकला निघाली आणि मुलगा न्यू जर्सीला. मुलगी भेटल्या दिवशी सही करायला तयार. मुलाचं कुलमुखत्यारपत्र मागवावं लागलं. परदेशात सही झालेलं असं पत्र इकडे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरायचं असतं. आमचं पत्र एका नातेवाइकाच्या बॅगेतून पुण्यात आलं आणि त्याच्याच घरी चार महिने पडून राहिलं. सगळं पुन्हा करावं लागलं.

कॉपीराइट कार्यालयात नोंदणी केलीच पाहिजे असं नाही. नोंदणी नसली तरी हक्क असतोच. पण सगळ्या कड्या जुळल्यावर करून घ्या. चित्रपटाला ५,००० रुपये शुल्क आहे, आणि पुढे कोणी हक्क सांगत आलं तर हातात एक सरकारी कागद राहतो.

३. आता शोधा, काय काय विकून बसलोय

चित्रपटाचा हक्क म्हणजे एक वस्तू नव्हे. उसाच्या कांड्यांसारखे त्याचे तुकडे पाडून विकतात: थिएटर, व्हिडिओ कॅसेट, सॅटेलाइट, केबल, इंटरनेट, परदेश, गाणी, डबिंग, रिमेक. शिवाय थिएटरचा हक्क प्रदेशाप्रमाणे. आणि इथे महाराष्ट्राचा नकाशा शाळेतला धरायचा नाही. धंद्याच्या जुन्या वाटणीत मुंबई, कोकण, पश्चिम महाराष्ट्र, गोवा आणि गुजरात हे एका मुंबई सर्किटात. विदर्भ सीपी-बेरारमध्ये (म्हणजे जुना मध्य प्रांत-वऱ्हाड), ज्याचा कारभार भुसावळ-अमरावतीकडून चालायचा. मराठवाड्याचा बराच भाग निजाम सर्किटात. राज्य १९६० साली एक झालं, वितरकांच्या वह्या झाल्या नाहीत.

मी काय केलं? मुंबई सर्किटाचे कागद मिळाले म्हणून निर्धास्त झालो. नागपूरच्या खेळाच्या दोन दिवस आधी एका वितरकाच्या वारसाची नोटीस आली. मामांनी १९७६ साली सीपी-बेरारचे हक्क 'कायमस्वरूपी' त्याच्या वडिलांना दिले होते. किती रुपयांना, ते मी मामींना अजून सांगितलेलं नाही. नागपूर रद्द झालं, हॉलचं भाडं गेलं, आणि शेवटी मिळकतीतला वाटा देऊन तडजोड केली.

जुने करार वाचताना तीन गोष्टी बघा.

मुदत. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरायची, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता धरायचा, असं कायदा म्हणतो. हे वाचून मी उडी मारली होती. पण हा नियम मे १९९५ मध्ये लागू झालेल्या दुरुस्तीने आला, आणि त्याआधीच्या करारांना तो लागत नाही. म्हणजे सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या कागदांना त्याचा उपयोग शून्य.

माध्यम. करार झाला तेव्हा जे माध्यम नव्हतंच, त्याचे हक्क गेले का? २०१२ च्या दुरुस्तीने ह्यावर निर्मात्या-लेखकांच्या बाजूने तरतूद केली आहे, पण जुन्या करारांबाबत भांडण शब्दांवरच होतं. 'व्हिडिओ हक्क' लिहिलंय की 'आज ज्ञात असलेली व पुढे शोधली जाणारी सर्व माध्यमं' लिहिलंय, ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. नव्वदच्या दशकात वाहिन्या सुरू झाल्या तेव्हा मराठी निर्मात्यांनी गठ्ठ्याने चित्रपट विकले आणि ह्या दुसऱ्या प्रकारच्या कागदांवर डोळे मिटून सह्या केल्या. तसा कागद निघाला तर वाईट वाटून घेऊ नका. थिएटरचे हक्क त्यात आहेत का, एवढंच आधी बघा. पुष्कळदा नसतात.

गाणी. थिएटरात चित्रपटाबरोबर गाणं वाजतं त्याला सहसा अडचण येत नाही. पण तुम्ही उत्साहाने गाण्याचा तुकडा जाहिरात म्हणून इंटरनेटवर टाकलात की तासाभरात संगीत कंपनीचा दावा येतो. आमच्या ट्रेलरचा आवाजच बंद झाला. ट्रेलर संवादांवर करा.

एवढं झाल्यावर वकिलाकरवी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या: अमुक चित्रपटाचे हक्क आमच्याकडे आहेत, कोणाचा दावा असेल तर १४ दिवसांत कागदांसह कळवा. एक मुंबईच्या पेपरात, एक नागपूरच्या. आमची नागपूरची राहिली होती, हे आता तुमच्या लक्षात आलंच असेल.

४. डबे शोधा, आणि उघडण्याआधी हुंगा

कागद मार्गी लागले की मगच इकडे या. शोधायचं ह्या क्रमाने: मूळ कॅमेरा निगेटिव्ह, साउंड निगेटिव्ह, त्यावरून काढलेली ड्यूप किंवा मास्टर, आणि शेवटी थिएटरात फिरलेली प्रिंट. चित्र एका ठिकाणी आणि आवाज दुसऱ्या ठिकाणी सापडला तरी चालतं. 'मंथन'चं मूळ निगेटिव्ह पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात होतं आणि आवाज फिल्म हेरिटेज फाउंडेशन ह्या जुने चित्रपट जपणाऱ्या संस्थेकडे असलेल्या एका प्रिंटवरून घेतला. 'शोले'चं तर मूळ निगेटिव्हच फार खराब झालेलं होतं. मुंबई आणि लंडन इथे जपलेल्या दुसऱ्या पिढीच्या, म्हणजे मूळ निगेटिव्हवरून काढलेल्या, फिल्मवरून काम करून तो २०२५ मध्ये पुन्हा उभा राहिला.

मराठी चित्रपटासाठी पहिला दरवाजा म्हणजे पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावरचं हेच संग्रहालय. १९६४ साली स्थापन झालेलं, आता राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा भाग. तिथे डबे असले तरी हक्कदाराचे कागद मागतात. म्हणून तर पायरी २ आधी. दुसरा दरवाजा तुमचा चित्रपट ज्या लॅबमध्ये धुतला गेला तिचा. बहुतेक लॅब आता बंद आहेत, पण बंद होताना डबे कुठे गेले हे तिथला एखादा जुना कामगार बरोबर सांगतो. लॅबची बाकी राहिली असेल तर ती भरल्याशिवाय डबे हलत नाहीत. काहींनी तर डबे भंगारात दिले. फिल्ममधली चांदी काढणारे लोक किलोने घ्यायचे. तिसरा दरवाजा कोणाला सुचत नाही: टुरिंग टॉकीज. जत्रेत तंबू लावणाऱ्या एका टॉकीजवाल्याच्या वाड्यात आमची एक पूर्ण प्रिंट निघाली, कडब्याच्या गंजीशेजारी.

डबा उघडताना वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर आतल्या फिल्मचं ॲसिटेट कुजायला लागलंय. हा रोग आहे असंच समजा: एकदा लागला की वाढत जातो आणि शेजारच्या डब्यांनाही लागतो. असा डबा बाकीच्यांपासून लगेच वेगळा ठेवा, कोरड्या थंड जागी, आणि स्कॅनच्या रांगेत तोच पहिला. फिल्म आक्रसली, वेडीवाकडी झाली की स्कॅनरच्या दात्यांवर बसत नाही.

१९५० च्या आसपासचा किंवा त्याआधीचा चित्रपट असेल तर फिल्मच्या कडेला काय छापलंय ते बघा. 'सेफ्टी' दिसलं तर ठीक. 'नायट्रेट' दिसलं तर डबा बंद करा आणि संग्रहालयाला फोन करा. नायट्रेट फिल्म भडकते, आणि एकदा पेटली की पाण्यानेही विझत नाही. २००३ साली पुण्यातच फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात साठवलेल्या नायट्रेटला आग लागून आपला मोठा ठेवा गेला. असले डबे एसटीच्या टपावर टाकून आणू नका. हसू नका, लोक आणतात.

आणि घरी जुना प्रोजेक्टर असला तरी 'एकदा लावून बघू' म्हणून प्रिंट चालवू नका. वाळलेली फिल्म पहिल्याच फेरीत तुटते.

आता प्रमाणपत्रावरचे ते दोन आकडे काढा. ३५ मिमी फिल्म मिनिटाला ९० फूट, म्हणजे साधारण २७.४ मीटर पळते. ३,४१५ मीटर म्हणजे सुमारे १२४ मिनिटं. डबे मोजा, प्रत्येक रिळाची लांबी मोजून घ्या, बेरीज जुळवा. आमच्या निगेटिव्हचे १३ डबे होते, नंबर बरोबर, लेबलावर मामांचंच अक्षर. सातव्या डब्यात दुसराच कुठलातरी चित्रपट निघाला. हे मला स्कॅनवाल्याने सांगितलं, पैसे लागायला सुरुवात झाल्यावर. एक-एक डबा उघडून तज्ज्ञाकडून आधी तपासून घेतला असता तर हे चार महिने आधीच कळलं असतं.

५. स्कॅन आणि दुरुस्ती

निगेटिव्ह चांगलं असेल तर फोर-के स्कॅन करा. हाती फक्त झिजलेली प्रिंट असेल तर टू-के पुरतं. नसलेले बारकावे जास्त पैसे देऊन येत नाहीत. ओल्या गेटवर स्कॅन होतं का ते विचारा, त्यात बारीक ओरखडे द्रवाने भरले जाऊन पुसल्यासारखे दिसतात. डिस्कचा खर्च आधी धरा. १२४ मिनिटांच्या चित्रपटात जवळपास १ लाख ८० हजार फ्रेम असतात. फोर-केची एक कच्ची फ्रेम ५० एमबीच्या आसपास, म्हणजे नुसता कच्चा माल ९ टीबी. त्याच्या दोन प्रती धरा. मी एकच धरली होती.

दर ठरवताना नुसतं 'रिस्टोरेशनसह' असं लिहू देऊ नका. सफाई यंत्राने की हाताने, किती तास, स्थिरता आणि लुकलुक काढणार का, आवाजातली घरघर कोण काढणार, दुरुस्ती किती वेळा करून देणार, सगळं कलमवार. आणि आधी पाच मिनिटांचा नमुना मागा, रात्रीच्या प्रसंगाचा. दिवसा सगळेच चांगले दिसतात.

हा माझा आवडता वादाचा विषय असल्यामुळे थोडं थांबतो. फिल्मवर जो बारीक दाणा असतो, ती घाण नाही. यंत्राची सफाई जास्त झाली की दाण्याबरोबर चेहऱ्यावरच्या सुरकुत्याही जातात आणि पाटीलबुवा मेणाचे दिसायला लागतात. आमच्या पहिल्या नमुन्यात फेट्याची वीण नाहीशी झाली होती. मामींनीच ओळखलं. "हा फेटा मी इस्त्री केलेला आहे, एवढा गुळगुळीत नव्हता." परत करायला लावलं.

तसंच चौकटीचं. जुना चित्रपट जवळपास चौकोनी चौकटीत घेतलेला असतो. पडदा भरावा म्हणून वरून-खालून कापला की बोर्डावर नाचणाऱ्या बाईचे पाय जातात, आणि तमाशापटात पाय गेले तर उरलं काय? बाजूला काळ्या पट्ट्या राहू द्या. मोनो आवाजही मोनोच ठेवा. ढोलकी मागच्या स्पीकरमधून आणण्याची हौस आमच्या साउंडवाल्याला होती, ती मी पुरवली नाही.

रंग भरणं, शेवट बदलणं हा पूर्ण वेगळा प्रांत. 'मुघल-ए-आझम' २००४ साली रंगीत होऊन लागला आणि चालला. दुसरीकडे २०२५ मध्ये 'रांझणा'च्या तमिळ आवृत्तीचा शेवट एआय वापरून बदलला, तेव्हा दिग्दर्शक आणि नायक दोघांनीही जाहीर नाराजी व्यक्त केली. हक्क तुमच्याकडे असले तरी दिग्दर्शक-लेखकांच्या घरच्यांना विचारल्याशिवाय असल्या फंदात पडू नका. मी तर विचारूनही पडणार नाही.

सातवं रीळ आम्ही टुरिंगवाल्याच्या प्रिंटवरून घेतलं. पडद्यावर ती दहा मिनिटं वेगळी दिसतात, पाऊस पडल्यासारखी. ती तशीच ठेवली आणि सुरुवातीला पाटी टाकून सांगितलं. एकाही प्रेक्षकाने तक्रार केली नाही.

६. सेन्सॉर

हे वाटतं तितकं अवघड नाही. पूर्वी प्रमाणपत्राला दहा वर्षांची मुदत होती. २०२३ च्या दुरुस्तीने ती काढली, आता ते कायम चालतं. मूळ प्रत हरवली असेल तर मंडळाकडे अर्ज करा. मात्र तुमची नवी प्रत आणि प्रमाणपत्र झालेली प्रत ह्यांत फरक असेल, म्हणजे लांबी बदलली, मागे कापलेला तुकडा तुम्ही हौसेने परत जोडला, किंवा कृष्णधवलचं रंगीत केलं, तर मंडळाला कळवून मंजुरी घ्यावी लागते. निगेटिव्हच्या डब्यात कधीकधी सेन्सॉरने कापलेले तुकडे निघतात. ते जपून ठेवा, पण गुपचूप जोडू नका.

७. वितरक आणि थिएटर

व्यवहाराचे तीन प्रकार कानावर येतील. एमजी: वितरक ठरावीक रक्कम आधी देतो, वरच्या मिळकतीत वाटा. कमिशन: तो काहीच आधी देत नाही, खर्च वजा जाता आपली टक्केवारी घेतो. आउटराइट: एकरकमी देऊन तो मोकळा, तुम्हीही मोकळे. जुन्या मराठी चित्रपटाला एमजी देणारा भेटला तर पेढे वाटा. आम्हाला कमिशनवर मिळाला. आउटराइटला मात्र हात लावू नका, सीपी-बेरारची गोष्ट वर सांगितलीच आहे. करारात मुदत महिन्यांत लिहा, प्रदेश जिल्ह्यांच्या नावांनी लिहा, माध्यम फक्त 'थिएटर प्रदर्शन' लिहा, आणि 'बाकी सर्व हक्क निर्मात्याकडे राखून' हे वाक्य शेवटी टाका.

नव्या हिंदी चित्रपटाला मल्टिप्लेक्स पहिल्या आठवड्यात निव्वळ मिळकतीच्या ५० टक्के देतं आणि पुढे ते उतरत जातं, हा २००९ च्या तडजोडीतून आलेला प्रघात. जुन्या चित्रपटाला तो आकडा मिळेलच असं धरू नका. हिशेब करताना तिकिटावरचा जीएसटी आधी वजा करा: सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला ५ टक्के, वरच्याला १८. आम्ही तिकीट ९९ ठेवलं. शिवाय प्रत्येक पडद्यामागे डिजिटल कंपनीचं शुल्क लागतं. आठवडाभर रिकामे खेळ लावण्यापेक्षा शनिवार-रविवारचा सकाळचा एकच खेळ घ्या. आपली प्रेक्षक मंडळी साठीच्या पुढची, ती रात्री दहाला येत नाहीत.

पैसे कधी येणार हे लिहून घ्या, आणि रोजचा डीसीआर, म्हणजे त्या दिवशीच्या तिकीटविक्रीचा तक्ता, त्याच रात्री मागा. महिन्याने मागितला तर तो 'शोधून देतो' ह्या सदरात जातो.

८. खेळाचा आठवडा

चित्रपट थिएटरला डीसीपी म्हणून, म्हणजे डिजिटल फाइलींचा संच म्हणून जातो, कुलूप लावलेला. त्याची किल्ली केडीएम नावाची वेगळी फाइल असते. ती एका विशिष्ट थिएटरच्या विशिष्ट सर्व्हरसाठी, ठरलेल्या तारखेपासून ठरलेल्या वेळेपर्यंतच चालते. साताऱ्याच्या पहिल्या खेळाला आमची किल्ली दुपारी बारापासून सुरू होणारी निघाली, खेळ सकाळी साडेनऊचा. साठ-सत्तर माणसं खुर्च्यांत, मामी पहिल्या रांगेत नऊवारी नेसून, आणि पडद्यावर काही नाही. शेवटी चहा पाजून सगळ्यांना तासभर थांबवलं आणि फोनाफोनी करून नवी किल्ली मागवली. तेव्हा आदल्या दिवशीच्या तारखेपासूनची किल्ली मागा आणि आदल्या रात्री प्रत्येक थिएटरात दहा मिनिटं चालवून बघा. त्याच वेळी चौकट कापली जात नाही ना, आणि आवाज मधल्या स्पीकरमधून येतोय ना, तेही बघून घ्या.

९. खेळ उतरल्यावर

डबे परत माळ्यावर ठेवायचे नाहीत. संग्रहालयात ठेव म्हणून द्या आणि पावती घ्या. नुसत्या ठेवीने हक्क त्यांच्याकडे जात नाहीत, पण पत्रात ते स्पष्ट लिहून घ्या. स्कॅनच्या फाइली एका एलटीओ टेपवर (संगणकाचा डेटा वर्षानुवर्षं साठवायची टेप) आणि एका डिस्कवर, दोन वेगळ्या गावांत ठेवा, आणि वर्षातून एकदा उघडून बघा. सगळ्या कागदांचा एक संच वकिलाकडे, एक घरी. ट्रंकेत नको.

आमच्या सातव्या डब्यातला तो दुसरा चित्रपटही संग्रहालयात दिला. दहा मिनिटंच आहेत, शीर्षक नाही, आवाज नाही. एक बाई विहिरीवर घागर घेऊन उभी आहे आणि मागून बैलगाडी येते. लेबलावर मी 'अज्ञात, मराठी असावा' असं लिहिलंय आणि कंसात आमच्या डब्याचा नंबर. मामांचं सातवं रीळ कदाचित तिच्या डब्यात असेल.